उपड्या पेल्याखालचं खळं

१. झाकलेला नकाशा

संस्थेच्या दर्शनी भिंतीवरचा जगाचा नकाशा त्या सकाळी कोणीतरी चादरीने झाकून टाकला होता.

ती दारातच थबकली. नकाशा संस्थेचा असला तरी त्यावरची एकेक टाचणी तिच्या हातची होती. या वैद्यकीय संशोधन संस्थेतून किती शोधनिबंध छापून आले, आणि पुढे जगात कुठे कुठे, कोणी कोणी आपल्या लिखाणात त्यांचा हवाला दिला, हे मोजायची तिची नोकरी. शास्त्रज्ञ लोक त्या हवाल्याला सायटेशन म्हणतात आणि त्यावरून एकमेकांची उंची मापतात. ती हवाला सापडला की टाचणी टोचायची, म्हणून सगळी संस्था तिला मोजणीबाई म्हणायची. गेल्या वर्षभरात नकाशावर पिवळ्या टाचण्यांचं पीक आलं होतं. ज्या गावांची नावं तिने जन्मात ऐकली नव्हती, तिथेही पिवळी टाचणी. कधी कधी दुपारी ती नुसती त्या नकाशासमोर जाऊन उभी राही. देवळात गेल्यासारखं वाटे.

त्या सगळ्या पिवळ्या टाचण्या एकाच निबंधाच्या होत्या.

वर संचालकांच्या खोलीत तिघं बसले होते. संचालक, निवृत्तीला आलेले म्हातारे डॉक्टर, ज्यांना सगळे खळंवाले डॉक्टर म्हणत, आणि शेजारच्या विभागाच्या प्रमुख बाई. या बाईंचं पाठीमागचं नाव कात्री. भर सभेत त्या कोणाचं काय कापतील याचा नेम नसायचा. चहा कागदी कपांतून आला होता, कारण कँटीनवाला म्हणे काचेचे पेले वर पाठवायला तयार नव्हता. गेलेले पेले परत येत नाहीत म्हणून त्याने संचालकांकडेच तक्रार गुदरली होती.

"आधी पेले गेले, आता इज्जत," संचालक म्हणाले आणि त्यांनी समोरचं पत्र तिच्याकडे सरकवलं.

संस्थांची प्रतवारी लावणाऱ्या समितीचं पत्र होतं. खळंवाल्या डॉक्टरांच्या जुन्या, दोन पानी निबंधाला इतकी वर्षं काळं कुत्रं विचारत नव्हतं. आता अचानक कानाकोपऱ्यातली लहान लहान इस्पितळं त्याचा हवाला देऊ लागली. वर त्या सगळ्यांच्या लिखाणात एक गोष्ट सारखी होती, जी मूळ निबंधात नाहीच. म्हणजे या लोकांनी निबंध वाचलेला नाही. कोणीतरी एकच हात सगळ्यांना लिहून देतो आहे. अहो रूपम्, अहो ध्वनिः असा प्रकार दिसतो. सोमवारी समिती येईल. खुलासा झाला नाही तर निबंध यादीतून काढला जाईल आणि लेखकावर बनावटगिरीचा शेरा बसेल.

लेखकाने कागदी कप दोन्ही हातांनी धरला होता. अलीकडे त्यांचे हात कापत. कप तोंडापर्यंत गेला नाही. त्यांनी तो तसाच खाली ठेवला.

"मी कोणालाच काही लिहून दिलं नाही," ते म्हणाले. "मला वाटलं, लोकांना आवडला असेल."

कात्रीने कोणाकडे काही मागावं तसा उजवा तळवा वर केला, मनगटाच्या आतल्या बाजूला वळवलेल्या घड्याळात पाहिलं आणि उठली. जाता जाता म्हणाली, "मोजणी, तू मोजतेस ना? मग आता जरा वजनही कर."

संचालकांनी दार लोटून घेतलं. सोमवारपर्यंत खुलासा शोधा, म्हणाले. नाही मिळाला तर शेऱ्याचा मजकूर तुम्हीच लिहून ठेवा. आकडा वाढत होता तेव्हा हेच साहेब प्रत्येक पाहुण्याला हाताला धरून नकाशापाशी नेत होते.

२. निबंधात नसलेली गोष्ट

निबंध तिने पुन्हा वाचला. विषय अर्भकांची कावीळ. नवजात बाळ पिवळं पडलं तर ते आपोआप उतरेल की त्याला लगेच निळ्या दिव्याखाली ठेवायला हवं, हे कळायला रक्ताची तपासणी लागते, आणि लहान गावात यंत्र नसतं. डॉक्टरांनी सुचवलं होतं ते अगदी साधं: बाळाच्या टाचेतून रक्ताचा एक थेंब टिपकागदावर घ्यायचा. थेंब वाळताना त्याच्याभोवती पिवळं वलय पसरतं, चंद्राला खळं पडतं तसं. खळं जितकं रुंद, तितका धोका मोठा.

ती डॉक्टरांच्या खोलीत गेली. त्या खोलीत जायला लोक टाळत, कारण तिथे पंखा नव्हता. छताला नुसता आकडा लोंबत होता. टिपकागदाचे तुकडे उडतात म्हणून त्यांनी तरुणपणीच तो काढून टाकायला लावला होता. मधल्या काळात अख्खी इमारत थंड हवेची झाली, तरी या खोलीची खिडकीसुद्धा कोणी उघडली नव्हती. कागद जिथल्या तिथे पडून होते, धूळसुद्धा जागची हलत नव्हती.

तिने विचारलं, तुम्ही शिष्य पाठवलेत का कुठे? नाही. व्याख्यानं दिलीत? शेवटचं कधी दिलं ते त्यांनाच आठवेना. निबंध छापून आला त्या वर्षी भर सभेत त्याला कोणीतरी 'चहाचा डाग' म्हणालं होतं आणि सगळे हसले होते. कोण, ते त्यांनी सांगितलं नाही, पण संस्थेत ते सगळ्यांना ठाऊक होतं: कात्री. तेव्हा ती त्यांच्याच हाताखाली शिकलेली, नवी नवी नोकरीला लागलेली मुलगी होती.

"चिडला नाहीत?"

"हुशार होती. हुशार माणसाला डाग दिसला तर डाग असेलही, असं वाटलं." ते हसले. मग हळूच म्हणाले, "शेरा तू लिहिणार आहेस, असं कळलं. लिही. फक्त माझ्या बायकोला कळायच्या आत मला सांग."

तिला तिथे बसवेना.

आपल्या टेबलावर येऊन तिने हवाला देणारं लिखाण उघडलं. समितीने बोट ठेवलेली जागा पहिल्याच निबंधात सापडली. मग दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. कोणी बेटावरचं, कोणी वाळवंटातलं, कोणी डोंगरातलं, कोणाची भाषा कोणाला कळायची नाही. आणि प्रत्येकाच्या कृतीत तेच: 'थेंब घेतल्यावर कागदावर काचेचा पेला उपडा घालून ठेवावा.'

तिने मूळ दोन पानं चाळली. पेला कुठेच नव्हता. खाली फोन करून विचारलं तर डॉक्टर गोंधळून म्हणाले, "पेला? कसला पेला?"

झालं. समितीचं म्हणणं खरं होतं. हे त्यांच्याकडून आलेलंच नव्हतं.

फोन ठेवता ठेवता तिला आठवलं. उपडा पेला तिने पाहिला होता.

तिची ठकू जन्मली ती गल्लीतल्या एका लहानशा प्रसूतिगृहात. तीनचार दिवसांतच पोर हळदीसारखी पिवळी दिसायला लागली. तिथल्या परिचारिकेने टाचेला टोचून रक्त एका कागदावर टिपलं आणि त्यावर पेला पालथा घातला. सासूबाई म्हणाल्या होत्या, "अगं बाई, रक्त काय विरजण आहे झाकून ठेवायला?" तेवढ्या काळजीतही सगळे हसले होते. मग परिचारिकेने पेला उचलला, कागद पाहिला, आणि तिचं हसू मावळलं. बाळाला उचलून ती पळतच निघाली होती.

ठकू आता घरभर धावते. तरी अजून रोज सकाळी ती पोरीला खिडकीशी नेऊन डोळ्यांचा पांढरा भाग तपासते. नवरा म्हणतो, पोरीला वाटेल आयांचा हा धर्मच असतो.

जगाच्या नकाशावर ती ज्याचा माग काढत होती, ते तिच्याच घरात येऊन गेलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

३. हातवाल्या बाई

गल्लीतल्या त्या प्रसूतिगृहात परिचारिका तीच होती. तिने ठकूच्या आईला ओळखलं नाही, पण ठकूला ओळखलं, फोनमधला फोटो पाहून म्हणाली, "हिचं खळं फार रुंद होतं. हात लावू देत नव्हती, लाथा मारत होती. म्हटलं, मार बाई, मारतेयस तेच बरं."

पेला कोणी शिकवला, या प्रश्नाला तिने सहज उत्तर दिलं. "हातवाल्या बाईंनी."

कोण या बाई? तिला माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं. दुसऱ्या इस्पितळातल्या मैत्रिणीने तिला एक छोटी चित्रफीत पाठवली होती. मैत्रिणीला आणखी कोणी पाठवली होती. चित्रफितीत चेहरा नाही, आवाज नाही. नुसते दोन हात. बोलत नाहीत म्हणूनच कुठल्याही देशात कळतं. परिचारिकेने फोन पुढे केला.

रबरी हातमोजे घातलेले दोन हात. सावकाश, समजावून, लहान मुलाला बुटाचे बंद बांधायला शिकवावं तसे. कागद ठेवला. लाल पाण्याचा थेंब सोडला. मग शेजारचा लहान पंखा सुरू केला, आणि खळं एका अंगाला धावलं, वेडंवाकडं झालं. त्या हातांनी त्यावर बोटाने फुली मारली: असं नको. दुसरा कागद, दुसरा थेंब, आणि आता त्यावर पेला उपडा. पंखा फिरतच होता. पेल्याच्या काचेआड खळं शांतपणे, सगळीकडून सारखं, गोल उमलत गेलं.

एवढंसं ते खळं, आणि त्याच्याभोवती नकाशाभर पसरलेली किती अनोळखी गावं.

शेवटी हातांनी एक पुठ्ठा समोर धरला. त्यावर निबंधाचं नाव आणि खळंवाल्या डॉक्टरांचं नाव. तिसरं काही नाही.

"म्हणून सगळे त्यांचाच हवाला देतात," ती पुटपुटली.

"देणारच. ज्याचं त्याला द्यायला नको?" परिचारिका म्हणाली. "आमच्याकडे लिहीतबिहीत नाही कोणी. आम्ही फक्त पेला घालतो."

म्हणजे या प्रसूतिगृहाची टाचणी नकाशावर कधीच लागली नसती. अशी किती असतील? आजवर तिने जे मोजलं ती नुसती वरवरची साय होती.

"पुन्हा लावा ना," ती म्हणाली. या वेळी तिने खळ्याकडे पाहिलं नाही. पेल्याकडे पाहिलं. जाड काच, अंगाला पैलू, आणि पालथा असल्यामुळे वर आलेल्या बुडावर कोरलेली चांदणी.

तो पेला तिच्या चांगल्या ओळखीचा होता. रोज दुपारी ती त्यातूनच पाणी प्यायची.

४. पेले कुठे गेले

कँटीनवाल्याने शपथेवर सांगितलं की चांदणीचे पेले दुसरीकडे मिळत नाहीत. कारखाना बंद पडला तेव्हा उरलेला माल त्याच्या वडिलांनी उचलला होता. कोण नेतं विचारल्यावर मात्र त्याने हात वर केले. सगळेच नेतात, आणतं कोणी नाही.

म्हणजे ते हात या इमारतीतले. एवढं पक्कं झालं. मग कोणाचे?

खळंवाल्या डॉक्टरांचे नाहीत. कप धरता येत नाही त्या हातांना थेंब नेमका सोडता येणार नाही, आणि त्यांच्या खोलीत पंखाही नाही. संचालकांचे? त्यांना आकडा हवा होता हे खरं, पण आकड्यासाठी धडपडणारा माणूस शेवटच्या पुठ्ठ्यावर संस्थेचं नाव ठळक घालेल. पुठ्ठ्यावर संस्थेचं नावच नव्हतं. ज्याने हे केलं त्याला संस्थेसाठी काही नको होतं, स्वतःसाठीही नको होतं. फक्त एका माणसाचं नाव मोठं व्हायला हवं होतं.

चित्रफीत तिने आपल्या फोनवर घेतली होती. ती पुन्हा लावली. खळं वाळेपर्यंत वेळ मोजायला हवा, आणि तो मोजायला त्या हातांनी एकच गोष्ट केली होती. उजवा तळवा वर करून, काही मागितल्यासारखा. हातमोज्याच्या कडेवर, मनगटाच्या आतल्या बाजूला, घड्याळ.

चित्र तिथेच थांबवून, फोन हातात घेऊन ती उठली.

कात्रीच्या प्रयोगशाळेचं दार उघडंच होतं. खिडकीत चांदणीचे पेले पालथे घालून रांगेत वाळत ठेवले होते.

"कँटीनवाल्याने पाठवलं का तुला?" कात्री म्हणाली. मग तिच्या हातातल्या फोनवरचं थिजलेलं चित्र तिला दिसलं. बाईंनी स्टूल पुढे ओढलं. "बस. किती कळलंय?"

तिने सगळं सांगितलं. कात्री मध्ये एकदाही बोलली नाही, आणि ही गोष्ट एखाद्या सभेच्या इतिवृत्तात नोंदवण्यासारखी होती.

मग बाई सांगायला लागल्या. 'चहाचा डाग' म्हटल्यावर त्या तेवढ्यावर थांबल्या नव्हत्या. निबंध खोटा पाडायचाच म्हणून सगळे प्रयोग त्यांनी पुन्हा करून पाहिले. खळी वेडीवाकडी आली. निबंध उघड उघड चुकीचा होता. खंडन लिहून तयार झालं, पाठवायचं तेवढं राहिलं. त्या दुपारी पंख्याने कागद उडायला लागला म्हणून बाईंनी हातातला पेला रिकामा करून त्यावर पालथा ठेवला. उचलला तर खाली पुनवेच्या चंद्राला पडावं तसं खळं.

"त्यांचं सगळं बरोबर होतं गं. फक्त त्यांच्या खोलीत वारा नव्हता, आणि जगात असतो. एवढीच चूक."

"मग ते का नाही छापलंत?"

"छापलं असतं तर पहिल्या ओळीत लिहावं लागलं असतं की मूळ पद्धत सदोष आहे. मला हातात काचनळी धरायला त्यांनी शिकवलं. आधी भर सभेत हसं केलं त्यांचं, आणि वर त्यांच्या एकुलत्या एका निबंधावर माझं नाव चढवू?" कात्रीने एक पेला उचलून उगाच पुसला. "माफी मागायला गेले दोनदा. तोंड उघडलं की दुसरंच निघतं. अशीच वर्षं गेली. मग म्हटलं, हातांना सांगावं."

पण मोजणीबाई आई होती, आणि आईचं मन आधी वाईटाकडे धावतं. "बाई," ती म्हणाली, "आणि ज्यांनी नुसता निबंध वाचला? ज्यांच्याकडे तुमची चित्रफीत पोचलीच नाही? त्यांच्या पंख्याखाली कोणाचं तरी बाळ असेल."

कात्रीच्या हातातलं फडकं थांबलं. इतकं नीट तिला आजवर कोणी कापलं नव्हतं.

५. सोमवार

सोमवारी समितीपुढे मोजणीबाई उभी राहिली तेव्हा तिच्यापाशी आकडेवारी नव्हती. एक टेबलपंखा होता, टिपकागद होता, आणि एक पेला.

तिने आधी पंख्याखाली खळं बिघडवून दाखवलं. मग पेला घालून नीट काढून दाखवलं. म्हणाली, तुम्ही म्हणता की सगळ्यांमागे एकच हात आहे. आहे. पण तो हात कोणाला लिहून देत नव्हता, शिकवत होता. पेला मूळ निबंधात नाही, म्हणूनच तर कळतं की या लोकांनी नुसतं वाचून नक्कल केलेली नाही. प्रत्येकाने आपल्या खोलीत, आपल्या पंख्याखाली, आपल्या बाळावर करून पाहिलं आणि मग लिहिलं. टाचण्या खऱ्या आहेत.

समितीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, हा हात कोणाचा?

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. कात्रीने उभं राहून उजवा हात वर केला, शाळेतल्या मुलीसारखा. "माझा. आणि दुरुस्ती मी वेळेवर छापली नाही, हा दोषही माझाच. शेरा द्यायचाच असेल तर माझ्या नावावर द्या."

खळंवाले डॉक्टर काही ऐकत होते की नाही कळत नव्हतं. ते पुढे आले होते आणि वाकून पेल्याकडे बघत होते. मग त्यांनी दोन्ही कापऱ्या हातांनी तो उचलला, खालचं खळं पाहिलं, पेला तोंडासमोर धरून बुडातल्या चांदणीतून खिडकीकडे पाहिलं.

"माझ्या खोलीत पंखाच नाही," ते सावकाश म्हणाले, स्वतःला सांगावं तसं. मग कात्रीकडे वळले. "मला कसं सुचलं नाही गं हे? किती सोपं आहे. किती सुंदर आहे."

कात्रीने तोंड उघडलं. मग मिटलं. तिने मान हलवली आणि त्यांच्या हातातून पेला घेऊन टेबलावर ठेवला, कारण तो पडला असता.

समितीने शेरा कोणालाच दिला नाही, फक्त दुरुस्ती तातडीने छापा म्हणून बजावलं. ती दोघांच्या नावाने निघाली. कोणाचं नाव आधी घालायचं यावरून दोघं एवढे भांडले की शेवटी संचालकांनाच मध्ये पडावं लागलं. नकाशावरची चादर त्याआधीच, कोणाला न सांगता, निघाली होती.

डॉक्टरांच्या शेवटच्या दिवशी मोजणीबाई ठकूला घेऊन त्यांच्या खोलीत गेली. पोरीने आत पाऊल टाकताच सगळ्या धुळीला जाग आली. तिने टेबलावरचा पेला ओढला, पालथा घातला, वाकून आत काही आहे का पाहिलं, आणि काही नाही हे बघून खुदकन हसली.

"ही तुमच्या टाचण्यांतली आहे," आई म्हणाली. "नकाशावर नाही. त्या प्रसूतिगृहाने कधी काही लिहिलं नाही."

डॉक्टरांना कळायला क्षणभर लागला. मग ते खुर्चीतून उठून जमिनीवर बसले, ठकूच्या उंचीला आले. त्यांनी तिची हनुवटी हळूच खिडकीकडे वळवली आणि तिच्या डोळ्यांत पाहिलं, जसं तिची आई रोज पाहत असे. पांढरं, स्वच्छ, दुधासारखं पांढरं.

"मी सगळं कागदावर पाहिलं होतं," ते म्हणाले. "मूल आजच पाहतोय."

ठकूने पेला उचलून त्यांच्या पुढे धरला. त्यांनी तो घेतला, आणि आईने पाहिलं, या वेळी त्यांनी एकाच हाताने घेतला होता. हात कापत होता. ठकूने आपला इवलासा हात खालून लावला होता.